नव्वद दिवसांचा दाखला

आमच्या कंत्राटदार संघटनेच्या दप्तरातला सगळ्यात जुना कागद म्हणजे पन्नास गोण्या सिमेंटचं परमिट. घटना, पहिल्या सभेचं इतिवृत्त, नोंदणीचं प्रमाणपत्र हे सगळं नंतरचं. परमिटचा कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, कुणीतरी मागून ब्राऊन पट्टी लावून जपलाय.

२०२४ साली संघटनेला पन्नास वर्षं होणार होती. सुवर्णमहोत्सवी समिती नेमली तेव्हा स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. माझे वडील संस्थापक सभासदांपैकी एक. मी स्वतः सिव्हिल इंजिनिअर, गेली एकोणीस वर्षं त्यांचंच काम पुढे चालवते. सोलापुरात शाळा, आरोग्य केंद्रं, पाण्याच्या टाक्या, थोडी खासगी घरं अशी आमची कामं. कार्यालयातली लोखंडी पेटी उघडली, कसर लागलेल्या वह्या उन्हात ठेवल्या आणि पहिल्याच दिवशी हे परमिट हाती आलं.

त्याचा अर्थ विचारायला अप्पांकडे गेले. संस्थापकांपैकी आज हयात असलेले ते एकटेच, वय सत्त्याऐंशी. कागद हातात घेऊन ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याच्यासाठी तुझ्या बाबांनी आणि मी पुरवठा कचेरीच्या पायऱ्यांवर किती दिवस काढले असतील!"

तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन आणता येत नव्हतं. दर सरकारच्या हातात आणि वाटपही. घर बांधायचं तर आधी नकाशा, मग महापालिकेची परवानगी, मग किती सिमेंट लागेल याचा इंजिनिअरचा दाखला, मग अर्ज आणि मग वाट बघणं. वाडी-शहाबादकडून वॅगन आली की गावात बातमी पसरायची. ज्यूटच्या गोण्या असायच्या. रिकामी गोणी झटकून निघालेली भुकटीसुद्धा चाळून वापरायचे आणि गोणी कॉलमला गुंडाळून त्यावर पाणी मारायचे. गोडाऊन गळकं असेल तर पावसाळ्यात गोणीचा दगड व्हायचा, आणि त्या दगडाबरोबर एखाद्याचं अर्धं घर अडायचं. अप्पा सांगत होते, दाखल्यावर सही करायला इंजिनिअर लोक कचरायचे. उद्या चौकशी लागली, सिमेंट दुसरीकडे गेलं, तर सही अंगाशी यायची. एकट्या कंत्राटदाराच्या अर्जाला उत्तरच यायचं नाही. चौदा जणांनी मिळून एक अर्ज केला, त्याला उत्तर आलं. ते चौदा जण म्हणजे आमची संघटना.

देशपातळीवरच्या बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाची गोष्टही अशाच अडचणीतून सुरू झालेली आहे. १९४१ साली, पुण्यात, लष्करी अभियांत्रिकी सेवेची कामं करणारे कंत्राटदार एकत्र आले. आमची संघटना त्यामानाने लहान, जिल्ह्यापुरती. पण एकट्याने कचेरीची पायरी चढायची नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ च्या फेब्रुवारीत थोडं सैल झालं आणि १९८९ साली पुरतं उठलं. इतिवृत्ताच्या वह्यांमध्ये ते लख्ख दिसतं. परमिटचे ठराव कमी होतात आणि दरसूची, स्टार रेट (भाववाढीचा फरक काढायला धरलेला मूळ दर), गौण खनिजाची रॉयल्टी, अडकलेली अनामत आणि सगळ्यात जास्त म्हणजे थकलेली बिलं यांचे ठराव सुरू होतात. अलीकडच्या वहीत जीएसटी आहे. सरकारी कामांवरचा बारा टक्क्यांचा दर २०२२ च्या जुलैत अठरा झाला, त्यावर आमच्या तीन सभा झाल्यात. हे सगळं मी स्मरणिकेसाठी टिपून घेत होते. सगळं महत्त्वाचं होतं आणि सगळं आमचं होतं, म्हणजे कंत्राटदारांचं.

एक पान मात्र वेगळं निघालं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मी तेव्हा दहावीत होते. विसर्जनाची रात्र उलटून गेली होती आणि चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही सगळे अंगणात येऊन उभे होतो, मांडणीवरची भांडी खाली पडल्याचा आवाज अजून कानात आहे. सकाळी रेडिओवर कळलं की शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत गावंच्या गावं गेली. संघटनेची तातडीची सभा झाली. ठराव असा: सभासदांनी आपापले मिस्त्री आणि बिगारी पाठवावेत, त्यांची हजेरी सभासदांनी द्यावी. त्याखाली एकतीस नावं, शाईने, ओळीने, प्रत्येकापुढे गाव लिहिलेलं.

पन्नास वर्षांच्या वह्यांमध्ये कामगारांची नावं असलेलं हे एकच पान आहे. मी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या वह्या चाळल्या, तरी दुसरं सापडलं नाही.

त्या यादीतले सोळावे आजही माझ्याच साइटवर काम करतात. त्यांना आम्ही मोठे मिस्त्री म्हणतो. मी त्यांना जुळे सोलापूर भागातल्या साइटवर गाठलं. त्यांनी ओळंबा सोडला होता, एक डोळा मिटून भिंत बघत होते. किल्लारीचं विचारल्यावर थापी बाजूला ठेवून बसले. म्हणाले, "माळवदाची घरं ओ ताई. भिंती दोन-अडीच फूट जाड. बाहेरनं दगड, आतनं दगड, मधी नुस्ती माती. ह्या दगडाला त्या दगडाची वळखच नाही. वर मातीचं धाबं. हादरल्यावर काय ऱ्हातंय?" पुढे गावं पुन्हा उभी करायचं काम निघालं, बावन्न गावं नव्या जागी वसवली, बाकी ठिकाणी घरं दुरुस्त करून मजबूत केली. तेव्हा मोठे मिस्त्री तिथे वर्षभर राहिले. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठराविक अंतरावर बसवायचा, दाराखिडक्यांच्या वरून घरभर सलग काँक्रीटची पट्टी फिरवायची, कोपऱ्यात सळई कशी वाकवायची, हे ते तिथे शिकले. आजही लिंटेलच्या पातळीला सलग पट्टी नसेल तर ते काम पुढे नेत नाहीत. मालकाशी वाद झाला तरी चालेल, म्हणतात.

स्मरणिकेत त्यांचा फोटो आणि दोन ओळी माहिती टाकू म्हणून मी सहज म्हटलं, "मिस्त्री, तुमचं बांधकाम कामगाराचं कार्ड आणा उद्या."

"कसलं कार्ड?"

मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांची नोंदणीच नव्हती.

हे नीट सांगायला हवं, कारण माझं पुढचं सगळं वर्ष यातच गेलं. १९९६ सालच्या केंद्रीय कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागू झाला. सरकारी कामात तो आमच्या बिलातूनच कापून जातो. तो पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. अठरा ते साठ वयाच्या ज्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केलंय, त्याने नोंदणी करायची. महाराष्ट्रात त्याची फी तेव्हा एक रुपया होती. मग मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते, बाळंतपणाला मिळते. कामावर मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख मिळतात. नोंदणी नसेल तर यातलं काहीच नाही. आणि नव्वद दिवस काम केल्याचा दाखला द्यायचा असतो तो मुख्यतः आम्ही, म्हणजे कंत्राटदारांनी.

मोठ्या मिस्त्रींचं वय अठ्ठावन्न. एकोणीस वर्षं माझ्याकडे, त्याआधी बाबांकडे. माझ्या प्रत्येक बिलातून एक टक्का गेला आणि माझ्या सगळ्यात जुन्या माणसाला मी एक सही दिली नव्हती. त्यांनी कधी मागितली नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मला स्वतःची फार लाज वाटली. घरी येऊन बाबांच्या फोटोसमोर बसले तेव्हा त्यांचाही थोडा राग आला.

दुसऱ्या दिवशी माझ्या तीन साइटवरच्या माणसांची मोजदाद केली. कायम येणारे तेवीस. त्यातल्या दोघांची नोंदणी होती, तीही बाहेरच्या एका माणसाला प्रत्येकी पंधराशे रुपये देऊन झालेली. एक रुपयाच्या कामाला पंधराशे.

दाखला लिहायला बसले तर पहिली अडचण माझ्याच घरातली निघाली. हजेरी आमच्याकडे मुकादमाच्या वहीत असते. त्यात तारखा असतात, पण नावं "लक्ष्मीनगरचा", "काळा फिटर", "सेंटरिंग ३" अशी. शनिवारी हिशोब होतो, उचल वळती होते, पान उलटतं. कुणाचे किती दिवस भरले हे सांगता येईल असा हजेरीपट नव्हता. चार रात्री मुकादमाला शेजारी बसवून मी वह्यांमधून माणसं शोधली.

बायका तर वहीत नव्हत्याच. आमच्याकडे बिगारी कामाला बरेचदा जोडी येते, नवरा-बायको. वहीत "जोडी १" लिहितात आणि दोघांची मजुरी नवऱ्याच्या हातात देतात. स्लॅबच्या दिवशी मिक्सरपासून लिफ्टपर्यंत दोनशे-अडीचशे घमेली वाहणारी बाई वहीत एका अक्षराचीसुद्धा नाही. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातून आलेल्या अशाच एका जोडीतल्या बाईला मी विचारलं, किती दिवस झाले इथं? तिने बोटांवर मोजलं: धाकट्याचं बारसं झालं, मग दिवाळी, मग गड्डा यात्रा, मग उन्हाळा. तिचे दिवस तिला पाठ होते. मी त्या तारखा वहीतल्या "जोडी"शी ताडून बघितल्या, बरोबर निघाल्या. तिच्या नावाने वेगळा दाखला लिहिला. तेव्हापासून माझ्या हजेरीपटात जोडी हा शब्द नाही, प्रत्येकीची वेगळी ओळ आहे. मुकादम सुरुवातीला कुरकुरला. आता त्याला सवय झाली.

तेवीस दाखले लिहून झाल्यावर वाटलं, हे संघटनेनेच करावं. सुवर्णमहोत्सव यापेक्षा चांगला कसा साजरा होणार? मी समितीत विषय मांडला.

विरोध होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि तो चांगल्या माणसांकडून झाला. ज्यांच्या साइटवर हेल्मेट असतं, जे दिवाळीला कपडे देतात, कामगाराचं पोर आजारी पडलं तर रात्री गाडी काढतात, तेच म्हणाले, सही नको. एकाने स्पष्ट सांगितलं, "सही केली की तो माझा कामगार झाला. उद्या पीएफ आला, परवा अपघात झाला की कोर्ट आलं." दुसऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. खोट्या दाखल्यांवर ज्यांनी कधी वीट उचलली नाही अशांच्याही नोंदण्या होतात हे सगळ्यांना माहीत आहे. चौकशी लागली तर खऱ्या सहीवाल्यालाही त्याच रांगेत उभं करतील.

दुसऱ्या भीतीत तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पण खरा कंत्राटदार सही करत नाही म्हणूनच खोट्या सहीचा बाजार चालतो, हे मी त्यांना सांगितलं आणि आजही मला तसंच वाटतं. पहिल्या भीतीसाठी मी वकिलांना विचारून आले होते. कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी १९२३ सालच्या कायद्यापासून आहे. ठेकेदाराने आणलेल्या माणसासाठीही ती मूळ काम देणाऱ्याकडे येऊ शकते. दाखल्याने ती जन्माला येत नाही, आणि दाखला न दिल्याने टळत नाही. उलट नोंदणी असेल तर त्या घराला मंडळाची मदत तरी मिळते.

तरी गाडं अडलंच. दोन बैठका तशाच गेल्या. एका ज्येष्ठ सभासदांनी, मनापासून, तडजोड सुचवली: कार्यक्रमात अकरा कामगारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मी नम्रपणे नको म्हटलं. शाल घेऊन मोठे मिस्त्री नोंदणीशिवायच घरी गेले असते.

तिसऱ्या बैठकीला मी १९७४ ची वही घेऊन गेले आणि फक्त वाचून दाखवली. आपल्याला सिमेंटसाठी दाखला लागायचा. सही करणारे अंगाशी येईल म्हणून टाळायचे. एक कार्यकारी अभियंता सही करायला तयार झाला, त्याच्या आभाराचा ठराव पान चारवर आहे. वाचून झाल्यावर वही टेबलावर ठेवली. कुणी फारसं बोललं नाही. मग पीएफचा मुद्दा काढणाऱ्यांनीच विचारलं, "दाखल्याचा नमुना आहे का तुझ्याकडे? बघू." ठराव मंजूर झाला. जेवणाच्या खर्चातून काही रक्कम शिबिराकडे वळवली आणि दाखला देण्याआधी हजेरी तपासायची, हजेरी नसेल तर दाखला नाही, हेही ठरलं. ही अट मला हवीच होती.

शिबिर ऑगस्ट-सप्टेंबरात घेतलं. विधानसभेच्या आचारसंहितेआधी जेवढं उरकेल तेवढं उरकायचं होतं. सुरुवातीला रविवारी सकाळी दहाची वेळ ठेवली आणि पहिल्या रविवारी नऊ माणसं आली. चूक माझी होती. हजेरीवरचा माणूस रविवारी दुसरीकडे छोटं काम धरतो, संडासाची टाकी, फरशी, गळती. दिवस बुडवून तो कागदासाठी का येईल? मग वेळ बदलली. सकाळी सात ते साडेआठ मजूर नाक्यावर टेबल आणि संध्याकाळी सहानंतर कार्यालयात. सभासदांनी एक गोष्ट मनापासून केली: कागदासाठी ज्याचा अर्धा दिवस गेला त्याची हजेरी पूर्ण भरली.

अडचणी आधार कार्डापासून सुरू व्हायच्या. ओटीपी ज्या नंबरवर जायचा तो नंबर तीन वर्षांपूर्वीच बंद. पोस्टाच्या बँकेचे पोस्टमन तेव्हा पन्नास रुपयांत आधारला नवा मोबाइल जोडून द्यायचे, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर आमच्या भागातले पोस्टमन संध्याकाळी येऊन बसायला लागले, त्यांचे उपकार आहेत. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही घराघरांत चालतात, त्यामुळे एकाच माणसाचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि पासबुकात तिसरं. एका फिटरचं आडनाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं होतं. त्याला विचारलं यातलं बरोबर कुठलं, तर म्हणाला, "घरात वेगळंच म्हणतेत."

पण अंगठ्याचा प्रसंग मी विसरणार नाही. मोठ्या मिस्त्रींचं बोट मशीनवर ठेवलं, लाल दिवा. पुन्हा ठेवलं, लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं, दुसरा हात. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. एकोणीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर वावरतोय, त्याचा हात मी असा पाहिला नव्हता. बोटांच्या टोकांना रेषाच नव्हत्या. गुळगुळीत, तांब्याच्या भांड्यासारखी चकाकणारी, आणि पेरांवर बारीक पांढऱ्या भेगा. ओल्या सिमेंटमधला चुना कातडी खातो आणि विटेची, दगडाची घासण उरलेलं नेते. चाळीस वर्षं गिलावा केलेल्या हाताला ठसा कुठून येणार! दहा-बारा गवंड्यांचं असंच झालं. बिगारी बायकांचे ठसे त्यामानाने लवकर यायचे, गवंड्यांचेच अडायचे. जो जितका जुना तितकं जास्त.

मग आमच्या कार्यालयातल्या मावशींनी उपाय काढला. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात, मग पुसून खोबरेल तेलाचं बोट, पुन्हा कोरडं पुसायचं आणि अनामिका लावून बघायची, कारण ते बोट थापी धरताना कमी घासतं. मोठ्या मिस्त्रींचा हिरवा दिवा पाचव्या संध्याकाळी लागला, डाव्या हाताच्या अनामिकेवर. शेजारी रांगेत उभे असलेले सगळे ओरडले, "लागला!" त्यांनी बोट वर करून बघितलं आणि म्हणाले, "ह्येच एक शिल्लक होतं बगा." ही नुसती मशीनची अडचण आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्यासाठी मंडळ आहे त्यांच्या बोटांवर ठसे नसणारच, हे धरूनच व्यवस्था करायला हवी. डोळ्यांची पडताळणी, चेहऱ्याची पडताळणी, काहीही करा, पण गवंड्याला अंगठ्यावरून परत पाठवू नका. हा ठराव संघटनेने केला आणि वरच्या कार्यालयाला पाठवला.

शिबिर संपलं तेव्हा दोनशे बारा अर्ज गेले होते. सत्तावीस जणांना आम्ही दाखला दिला नाही, कारण त्यांचे दिवस भरत नव्हते किंवा हजेरी जुळत नव्हती. त्यातल्या एकाने मला फार ऐकवलं. ते मी ऐकून घेतलं. आचारसंहिता लागेपर्यंत एकशे एकतीस अर्ज मंजूर झाले, बाकीचे त्रुटी लावून परत आले. कुठे पासबुकाचं पान अस्पष्ट, कुठे शिक्का तिरका, एका ठिकाणी माझीच सही तारखेवर गेली होती.

डिसेंबरातला कार्यक्रम हुतात्मा स्मृतिमंदिरात झाला. चांगला झाला. अप्पांनी दीप लावला, माजी अध्यक्षांचे सत्कार झाले, पाहुण्यांची भाषणं जरा लांबली. सभागृहातल्या उजव्या बाजूच्या रांगा कामगारांसाठी ठेवल्या होत्या आणि त्या भरल्या. आळंदची ती बाई कडेच्या खुर्चीत धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. मंडळाचं कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं होतं. अप्पा व्यासपीठावरून उतरताना त्या रांगांजवळ थांबले आणि ओळखीचे चेहरे शोधत बसले. त्यांना मधेच आत न्यायला कुणी धजावलं नाही.

स्मरणिकेत मी जाहिरातींची आठ पानं कमी केली होती. त्या जागी नावं छापली. १९९३ ची यादी जशीच्या तशी, आणि पुढे सभासदांनी आठवून, वह्या काढून, जुन्या मिस्त्रींच्या घरी जाऊन गोळा केलेली आणखी चारशे सहा नावं, प्रत्येकापुढे काम आणि गाव. सेंटरिंग, फिटर, गवंडी, बिगारी, वडार मंडळींपैकी पाया खोदणारे आणि दगड घडवणारे. उजनीच्या कालव्यांवर काम केलेले काही जण सापडले. बऱ्याच नावांपुढे "कै." लिहावं लागलं.

मोठे मिस्त्री मध्यंतरात स्मरणिका घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलतील. त्यांनी पान उघडून नातवाने दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, गाव चुकलंय."

१९९३ च्या वहीत लिहिणाऱ्याने त्यांच्या गावाऐवजी शेजारच्या गावाचं नाव घातलं होतं आणि मी ते तसंच छापलं होतं. ज्यांच्याशी रोज बोलते त्यांना एकदा विचारून घेतलं नाही. एकतीस वर्षं चुकीचं गाव वहीत होतं आणि आता हजार प्रतींमध्ये गेलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी नको, दुरुस्त करा." त्या आठवड्यात शुद्धिपत्र छापलं आणि उरलेल्या प्रतींमध्ये चिकटवलं. वाटलेल्या प्रतींसाठी घरोघरी चिठ्ठी पाठवली. मूळ वहीतही लाल शाईने दुरुस्ती केली, खाली तारीख आणि माझी सही.

नोंदणी एका वर्षाची असते. नूतनीकरणाला पुन्हा मागच्या वर्षातले नव्वद दिवस, पुन्हा दाखला, पुन्हा सही. परत आलेल्या एक्याऐंशी अर्जांपैकी अजून बारा बाकी आहेत, त्यातले चार अंगठ्यावरून अडलेले. येत्या शनिवारी हिशोबानंतर सहा वाजता कार्यालयात बसणार आहोत. मावशींना कोमट पाण्याची बादली आणि खोबरेलाची बाटली ठेवायला सांगितलंय, आणि पीएफचा मुद्दा काढणाऱ्या त्या सभासदांनी या वेळी आपला हजेरीपट आधीच पाठवून दिलाय, बायकांच्या वेगळ्या ओळींसकट.